रात्री-बेरात्री आमचं पीएचसी: ५ पैकी साडेतीन स्टार

खाडीपलीकडच्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा हा रिव्ह्यू, नाव मुद्दाम टाकत नाही. दिवसाची ओपीडी ठीकच आहे, उपचाराला पैसे लागत नाहीत (१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात सरकारी आरोग्य केंद्रात फुकट आहे, अजून अर्ध्या गावाला पत्ता नाही). पण खरी परीक्षा रात्रीचीच ना. भातकापणीच्या दिवसात काकांना पडवीत लाल विंचू चावला, घामाने बनियन चिंब, हातपाय गार, आणि लाल विंचू म्हणजे मस्करी नाय हो, विष थेट हृदयावर जातं. सिस्टर जाग्या होत्या, आधी बीपी बघितलं मग क्वार्टरमधून डॉक्टरांना उठवलं, ते बर्म्युडावरच धावत आले आणि प्राझोसिनची गोळी दिली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही गोळी विंचूदंशावर वापरात आणली, त्याआधी कोकणात किती माणसं गेली असतील देव जाणे. पहाटेपर्यंत बीपीचा पट्टा काकांच्या दंडावरून सुटला नाही, झोप नाही पण सिस्टरचा आवाज एकदाही चढला नाही, त्याचा एक स्टार एक्स्ट्रा.

आता कटकट. डॉक्टर रजेवर गेले की रात्री बदली कोणी नसतं, मग १०८ लावा आणि त्या वळणावळणाच्या रस्त्याने गाडी येईस्तोवर जीव टांगणीला. ई-संजीवनीवर ऑनलाइन डॉक्टर मिळतात खरे, पण रेंजसाठी टेकडीवर चढायचं तर पेशंटला काय पाठीवर घेऊन जाऊ? निदान आज रात्री ड्युटीवर कोण आहे ते गेटवर लिहा आणि खाली चालू नंबर टाका, आत्ताचा कोणी उचलतच नाही.