मॉन्स्टेरासाठी काथ्याची काठी: घ्या, पण नीट पाहून

नर्सरीत ‘मॉस स्टिक’ (शेवाळाची काठी) म्हणून जी मिळते, ती बहुतेक वेळा पीव्हीसी पाइपवर काथ्या गुंडाळलेली काठी असते. तरीही मॉन्स्टेरा डेलिसिओसा या कातरलेल्या पानांच्या शोभेच्या वेलाला ती द्यावीच. मेक्सिको ते पनामाच्या जंगलांत हा वेल झाडांच्या खोडाला धरून चढतो. आधार मिळाला की पानं मोठी आणि जास्त कातरलेली येतात.

2 फुटी काठी लवकर अपुरी पडते, 3 फुटी घ्या. कुंडी किमान 10 इंची हवी, नाहीतर सगळंच कलंडतं. घेताना काथ्या बोटाने सरकवून पाहा. सरकला तर गुंडाळी सैल आहे, ती काठी नको.

मोठी उणीव म्हणजे काथ्या फार लवकर सुकतो आणि कोरड्या काथ्यात हवाई मुळं (खोडातून हवेत फुटणारी) शिरत नाहीत. नुसता फवारा पुरत नाही. काठीवर वरून सावकाश पाणी सोडा. कुंडीतली वरची 2 इंच माती ओली असेल तर थोडंच, कारण मुळं कुजतात. खोडाची हवाई मुळांची बाजू काठीकडे ठेवून दोरी खोडाला बांधा. पानाच्या देठाला कधीच नाही, कारण मग पान उजेडाकडे वळू शकत नाही.

मोठ्या रोपालाही अखंड पानं येत असतील तर बहुधा उजेड कमी पडतोय. पूर्वेची खिडकी उत्तम.