डीबीव्हर, बीकीपर की डीबी ब्राउझर: डेटाबेससाठी कोणतं टूल घ्यावं?

मुंबईतल्या छोट्या ऑफिसांत डेटाबेस सांभाळायची जबाबदारी अंगावर आली की पहिला प्रश्न येतो, हलकं टूल कोणतं? प्रश्न रास्त आहे. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या सेकंडहँड लॅपटॉपवर टॅली चालू, क्रोमच्या दहा टॅब उघड्या, त्यात आणखी भार कशाला? तरी मी हलकेपणाला दुसरा नंबर देईन. पहिला नंबर, चुकीचं अपडेट (डेटा बदलणारी आज्ञा) जाण्याआधी टूल तुम्हाला अडवतं का, याला. पतपेढीच्या टेबलातली प्रत्येक ओळ म्हणजे कुणाची तरी ठेव असते.

डीबीव्हर कम्युनिटी, बीकीपर स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती आणि डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट ही डेटाबेस उघडून पाहायची आणि बदलायची तिन्ही टूल फुकट आणि ओपन सोर्स आहेत. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात.

डीबी ब्राउझरचा निर्णय चटकन होतो. वाचनालयाची पुस्तकयादी किंवा मोबाइल ॲपचा डेटा एकाच एसक्यूलाइट फाइलमध्ये (अख्खा डेटाबेस एका फाइलीत ठेवायचा प्रकार) असेल तर हेच घ्या. केलेले बदल ‘राइट चेंजेस’ दाबेपर्यंत फाइलमध्ये पक्के होत नाहीत आणि ‘रिव्हर्ट’ दाबलं की मागे घेता येतात. जुन्या मशीनवरही ते चटचट चालतं. मात्र मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस अशा सर्व्हरवरच्या डेटाबेसला ते जोडता येत नाही.

खरी निवड डीबीव्हर आणि बीकीपर यांच्यात आहे. बीकीपर उघडताच बरं वाटतं. डावीकडे टेबलं, मध्ये क्वेरी म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, खाली निकाल. नवख्या माणसाला शिकवावं लागत नाही. एसएसएच टनेल, म्हणजे दूरच्या सर्व्हरला सुरक्षित जोडणी, हीही फुकट आवृत्तीत मिळतो. तक्त्यात एखादा रकाना बदलला तर तो रंगाने वेगळा दिसतो आणि ‘अप्लाय’ म्हटल्यावरच सर्व्हरवर जातो. पण हे कवच तक्त्यापुरतंच. क्वेरीच्या टॅबमध्ये लिहून चालवलेल्या अपडेटला ते लागू होत नाही. शिवाय बीकीपर इलेक्ट्रॉनवर बांधलेलं आहे, म्हणजे पोटात अख्खं क्रोमियम, क्रोम ज्यावर चालतं तेच. चार जीबी रॅमच्या मशीनवर ते जाणवतं.

डीबीव्हर जावावर, एक्लिप्सच्या पायावर उभं आहे. उघडायला वेळ घेतं आणि मेनूंची गर्दी पाहून नवखा बिचकतो. पहिल्यांदा जोडताना ते ड्रायव्हर (त्या डेटाबेसशी बोलणारा जोड-प्रोग्राम) इंटरनेटवरून उतरवतं, त्यामुळे नेट बंद असलेल्या ऑफिसात तिथेच अडतं. मोंगोडीबी या डेटाबेसला जोडायचं असेल तर पैसे भरून घ्यायची आवृत्ती लागते. एवढं असूनही लाइव्ह, म्हणजे रोजचं काम चालू असलेल्या डेटाबेसला हात लावायचा असेल तर मी डीबीव्हरच सुचवेन.

कारण असं. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये त्याचा प्रकार ‘प्रॉडक्शन’ ठेवता येतो. मग एडिटरला लालसर छटा येते आणि टेस्ट कोणतं, लाइव्ह कोणतं हे नजरेलाच कळतं. ऑटो-कमिट (बदल आपोआप पक्के होणं) बंद ठेवलं तर अपडेट चालवल्यावर किती ओळी बदलल्या तो आकडा खाली दिसतो. एक अपेक्षित असताना चारशे दिसल्या तर रोलबॅक मारा, म्हणजे बदल मागे घ्या. मायएसक्यूएल असेल तर कनेक्शन सुरू होतानाच्या बूटस्ट्रॅप क्वेरीत एसक्यूएल-सेफ-अपडेट्स चालू करून ठेवा, म्हणजे व्हेअर (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) नसलेलं अपडेट सर्व्हरच नाकारतो.

दोन गोष्टी मात्र आधी समजून घ्या. रिकामी ओळ आली की क्वेरी संपली, असं मानण्याची एक सेटिंग डीबीव्हरमध्ये आहे. अपडेट आणि व्हेअर यांच्यामध्ये ओळ मोकळी सुटली आणि ही सेटिंग चालू असली, तर व्हेअरशिवायचा तुकडाच चालू शकतो. ती आधी तपासा. दुसरं, ऑटो-कमिट बंद ठेवून कमिट न करता जेवायला गेलात तर बदललेल्या ओळी लॉक राहतात आणि काउंटरवर त्याच खात्याची पावती अडकते. समोर रांगेत माणसं उभी असतात. तेव्हा काम संपलं की कमिट किंवा रोलबॅक, दोन्हींपैकी एक करूनच उठा.

मराठी नावांसाठीही डीबीव्हर सोयीचं आहे. सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली की बऱ्याचदा देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हं येतात. डेटा ठीक असतो. फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये आहे हे एक्सेलला कळलेलं नसतं. डीबीव्हरच्या एक्स्पोर्टमध्ये ‘इन्सर्ट बीओएम’ (फाइल यूटीएफ-८ असल्याचं चिन्ह) यावर खूण केली की हा त्रास टळतो. फाइल दुसऱ्या टूलमधून आली असेल तर एक्सेलच्या डेटा मेनूतून ती आत घ्या आणि तिथे यूटीएफ-८ निवडा.

फक्त विंडोज आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर हायडीएसक्यूएल हे टूल डीबीव्हर आणि बीकीपर या दोघांपेक्षाही हलकं आहे. टेबलप्लस वेगवान आहे, पण फुकटात मोजकेच टॅब मिळतात; रोजच्या कामाला ते पुरत नाहीत.

ऑफिसात नुसते रिपोर्ट काढणारे असतील तर त्यांना खुशाल बीकीपर द्या. मात्र त्यांच्यासाठी डेटाबेसवरच फक्त वाचण्याचा अधिकार असलेला वेगळा युजर बनवा. सगळ्यांनी एकच रूट (सगळे अधिकार असलेला) पासवर्ड वापरायची पद्धत असेल, तर टूल बसवण्याआधी ती बंद करा.