डॅन्ट्रोलीन कॅप्सूल: ताठरपणावर गुणकारी, पण छातीकडे लक्ष हवं

मज्जारज्जूच्या इजेनंतर किंवा पक्षाघातानंतर ताठरलेल्या स्नायूंवर हे औषध चांगलं काम करतं. ते थेट स्नायूपेशीतलं कॅल्शियम सुटणं रोखतं. सुरुवात रोज 25 मिलिग्रॅमने, आठवड्याआठवड्याने वाढ, कमाल 400. दीड महिन्यात फरक नसेल तर बंद करावं, कारण यकृताला धोका असतो.

यकृताची तपासणी सगळे करतात, छातीचा विचार मात्र मागे पडतो. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे गोळी चालू असताना धाप, छातीत एका बाजूला दुखणं, बारीक ताप सुरू झाला तर एक्स-रे काढाच. फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साचलेलं असू शकतं. त्या पाण्यातल्या पेशींत इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) 10 टक्के किंवा जास्त असतील तर औषधावर संशय घ्यावा. पेशींची मोजणी पहिल्याच नमुन्यावर मागा. सुईवाटे हवा किंवा रक्त आत गेलं तरी इओसिनोफिल वाढतात आणि दुसऱ्या वेळचा आकडा फसवतो. क्षयरोग, कर्करोग, जंत हेही तपासून वगळावे लागतात.

औषध थांबवल्यावर पाणी सहसा ओसरतं, पण काही आठवडे ते महिने लागतात. औषध पुन्हा सुरू करून पाहू नये. लघवीच्या संसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइन आणि व्हॅल्प्रोएट यांच्याबाबतही हीच सावधगिरी हवी. मात्र फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट डॉक्टरांना न विचारता अचानक तोडू नये.