आठ महिने ऑटोहॉटकी वापरल्यावर: बाकी सगळं सुटलं, ‘ॲ’नं मात्र घाम काढला

घरून अक्षरजुळणीची कामं करते, टायपिंग इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीवर. डिसेंबरात जुन्या लॅपटॉपचा कीबोर्ड गेला. नवा लॅपटॉप घेतला तर त्याला उजवीकडचा नंबरपॅडच नाही! ऑल्ट धरून ०१७६ दाबलं की °, ०१८९ ला ½, ०२१५ ला ×, ही पंधरा वर्षांची बोटांची सवय एका दिवसात बाद. वरच्या ओळीतले आकडे ऑल्टबरोबर चालत नाहीत. दुकानदार म्हणाला, वेगळा नंबरपॅड जोडा. लॅपटॉपला एवढे पैसे मोजल्यावर आणखी पाचशे रुपये घालायची माझी तयारी नव्हती. ऑटोहॉटकी, म्हणजे विंडोजवर आपल्याला हवे ते शॉर्टकट आणि लघुरूपं बनवून देणारा प्रोग्रॅम, फुकट, म्हणून ते घेतलं.

पहिला आठवडा डोकेदुखीचा. २०२२च्या डिसेंबरात आलेली दुसरी आवृत्ती टाकली आणि शोधून आणलेल्या स्क्रिप्टच्या (त्याला द्यायच्या सूचनांच्या) ओळी निघाल्या पहिल्या आवृत्तीच्या. एकेक बदलत बसले. मग लघुरूपं केली: ठरावीक तीन इंग्रजी अक्षरं टाइप केली की °. मराठी कीबोर्ड चालू केला की त्याच कळांतून देवनागरी उमटते, मग लघुरूप जुळणार कसं? प्रश्नपत्रिकेत दर ओळीला भाषा बदलायची का? तेव्हा मी याला दोनच तारे दिले होते.

ते मत आता मागे घेते. उजवा ऑल्ट अधिक एक कळ, हा मार्ग सापडला. भारतीय इंग्रजी कीबोर्डवर उजवा ऑल्ट दाबला की विंडोजला डावा कंट्रोलही दाबल्यासारखा दिसतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये दोन्ही लिहावे लागतात. आणि कळ अक्षरानं न लिहिता स्कॅन कोडनं, म्हणजे कीबोर्डवरच्या जागेनं लिहायची. मग मराठी असो वा इंग्रजी, °, ×, ½ जागच्या जागी. ₹ त्या कीबोर्डवर उजवा ऑल्ट आणि ४ वर आधीपासूनच आहे.

आता ‘ॲ’. इनस्क्रिप्टवर शिफ्ट-डीनं अ आणि शिफ्ट-२ नं ॅ दिला की ॲ दिसतो. दिसतो, पण ती दोन चिन्हं असतात; युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड देणाऱ्या पद्धतीत, त्यांचे कोड ०९०५ आणि ०९४५. एकसंध ॲ म्हणजे एकच चिन्ह, ०९७२, ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं. डोळ्यांना काहीही फरक कळत नाही. रसायनशास्त्राच्या एका पुस्तकाचा अर्धा मजकूर लेखकांनी मोबाइलवर लिहिलेला, त्यात एकसंध ॲ. अर्धा मी जुळवलेला, त्यात जोडलेला. सूची करताना ‘ॲसिड’ शोधलं तर निम्मीच पानं सापडली. नुसत्या कोडच्या क्रमानं शब्द लावले तर जोडलेला ॲ ‘अ’च्या घरात जातो आणि एकसंध थेट ‘ह’च्याही पुढे. दोन रात्री मी ती सूची हातानं तपासली. प्रूफ वाचून ही चूक सापडणं अशक्य आहे, आणि मराठीत ॲप, ॲडमिशन, ॲल्युमिनियम असे शब्द किती!

ऑटोहॉटकीत एक ओळ घातली: अ पाठोपाठ ॅ आला की दोन्ही पुसून ०९७२ लिही. शब्दाच्या मध्येही चालते, आणि ‘मॅ’, ‘बॅ’ना धक्का लागत नाही. या एका ओळीसाठी मी पैसेही दिले असते. स्क्रिप्टची फाइल जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ च निवडा, नाहीतर देवनागरीचा कचरा होतो.

एक तारा कापला तो यासाठी: पानं लावायचा माझा जुना प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा लागतो, आणि त्यात सगळे शॉर्टकट मुके होतात. स्क्रिप्टही तशीच चालवली तरच चालतात. संगणक सुरू झाल्यावर रोज हे आठवणीनं करावं लागतं.

‘ऱ्य’साठी काही केलं नाही. शिफ्ट-जे, डी आणि तिरकी रेघ, तीन कळांत होतो, बोटांना पाठ आहे. जुन्या फाइलींतले जोडलेले ॲ मात्र शोधून बदलायचे आहेत. चाळीस फाइली झाल्या, अजून साठेक उरल्यात.