रस्ट कन्व्हर्टर : खाडीकाठच्या जुन्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीवर एका पावसाळ्यानंतरचे परीक्षण

हवेतील आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. ऐरोलीत ठाणे खाडीच्या काठी पावसाळ्याचे महिने त्याहून कितीतरी दमट असतात आणि खाऱ्या हवेतले क्षार त्यात भर घालतात. आमची फोर व्हील ड्राइव्ह बोलेरो कॅम्पर पंधरा वर्षांहून जुनी असून ती उघड्यावरच उभी असते. तिच्या खालच्या भागाची दुरुस्ती घरीच करताना टॅनिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावून त्याचे स्थिर थरात रूपांतर करणारे द्रावण, वापरला होता. त्यावरून एक पूर्ण पावसाळा गेला आहे, त्यामुळे आता त्याविषयी खात्रीने लिहिता येते. डब्यावरचे नाव देत नाही, कारण या प्रकारच्या बहुतेक द्रावणांची घडण सारखीच असते : टॅनिक आम्ल आणि पाण्यात मिसळलेले, वाळल्यावर पातळ थर धरणारे पॉलिमर.

हे द्रावण गंज काढत नाही. गंजातील लोहाशी टॅनिक आम्लाची प्रक्रिया होऊन निळसर काळे, स्थिर संयुग तयार होते. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांपासून काळी शाई करण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यामागचे रसायनशास्त्र हेच. पुढच्या अॅक्सलच्या नळीवर पहिला हात दिला, तेव्हा तपकिरी पृष्ठभाग आधी जांभळट झाला, मग कडांकडून काळा पडत गेला, आणि जिथे ग्रीसचा अंश राहिला होता तिथे द्रावण मोत्यासारखे गोळा होऊन बाजूला सरकले. ती जागा थिनरने पुसून पुन्हा हात द्यावा लागला, आणि मग तीही काळी झाली.

यश पूर्वतयारीवरच अवलंबून आहे, हे मी ठामपणे सांगेन. मूळ लोखंडापेक्षा गंज कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणूनच त्याचे पोपडे उचलले जातात. अशा पोपड्यांवर द्रावण लावले तर वरचा थर तेवढा काळा होतो आणि खाली गंज चालूच राहतो. म्हणून आधी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून सुटा गंज पूर्ण उडवावा, कोपऱ्यांत पॉलिश पेपर फिरवावा, मग गोड्या पाण्याने धुऊन क्षार काढावेत आणि जागा कोरडी करावी. या कामात डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवाच. गाडीखाली शिरण्यापूर्वी ती भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली झोपू नये.

पातळ, पण घट्ट बसलेल्या गंजावर या द्रावणाचा परिणाम उत्तम आहे. अॅक्सलची नळी, चासीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) बाहेरच्या बाजू, हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या या ठिकाणी दोन हात देऊन, दुसऱ्या दिवशी ऑइल प्रायमर आणि त्यावर रंग चढवला होता. पावसाळ्यानंतरही तिथे कुठे फुगवटा दिसत नाही. तुलनेसाठी मागच्या बंपरच्या ब्रॅकेटचा आतला भाग मुद्दाम केवळ कन्व्हर्टर लावून ठेवला होता. त्यावर आता मोहरीएवढे तपकिरी ठिपके उठले आहेत. द्रावणाचा थर हा रंगाला पर्याय नाही, ही गोष्ट विक्रेते स्पष्ट करून सांगत नाहीत आणि ग्राहकाचे नुकसान नेमके तिथेच होते.

जिथे पत्राच खाल्ला गेला आहे, तिथे मात्र याचा उपयोग शून्य. केबिनमधील रबरी मॅटखालची जमीन, स्प्रिंगचे पाटे जिथे चासीला अडकवलेले असतात त्या हँगरभोवतीची चिखल साचणारी जागा आणि केबिन चासीवर जिथे टेकते तो भाग हातोडीने हलके ठोकून पाहावा. शाबूत लोखंड खणखणते. बद्द आवाज आला किंवा स्क्रूड्रायव्हरचे टोक आत गेले, तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावाच लागतो. आमच्या गाडीच्या जमिनीचा एक तुकडा रबाळे येथील वेल्डरकडून तसा बदलून घेतला. चासीसारख्या भार पेलणाऱ्या भागाचे वेल्डिंग घरी करून पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चासीच्या बंद पोकळीतही ब्रश पोहोचत नाही. तिथे लांब नळीने मेणयुक्त फवारा मारणे अधिक योग्य.

फोर व्हील ड्राइव्ह गाडीत आणखी एक पथ्य आहे. पुढच्या प्रोपेलर शाफ्टची (पुढच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या फिरत्या दांड्याची) सरकणारी दातेरी जोडणी, त्याच्या टोकांचे सांधे म्हणजे क्रॉस, ऑइल सील आणि ब्रेकचे रबरी पाइप यांना द्रावणाचा स्पर्श होऊ देऊ नये. त्या जागी वंगण हवे, कडक होणारा थर नव्हे. हे भाग आम्ही आधीच प्लास्टिक आणि चिकटपट्टीने झाकून घेतले होते.

रेडऑक्साइड प्रायमरच्या तुलनेत हे महाग पडते, परंतु अर्ध्या लिटरमध्ये बरेच क्षेत्र होते. विकत घेताना निर्मितीची तारीख पाहावी आणि डबा हलवून पाहावा. आत गुठळ्या जाणवल्यास तो घेऊ नये. काम सावलीत, गार झालेल्या धातूवर करावे. लागेल तेवढेच द्रावण वेगळ्या वाटीत काढून घ्यावे आणि उरलेले पुन्हा डब्यात ओतू नये, कारण ब्रशसोबत वाटीत आलेल्या गंजामुळे डब्यातील संपूर्ण द्रावणाची प्रक्रिया तिथेच सुरू होऊन ते वाया जाते.