फोंड्यातला वादकौशल्य वर्ग: अवयव पक्के, खंडन कच्चं

या दोन दिवसांच्या वर्गाची जमेची बाजू म्हणजे न्यायसूत्रांतले (प्राचीन भारतीय तर्कशास्त्राचा ग्रंथ) पाच अवयव, म्हणजे युक्तिवादाचे भाग: प्रतिज्ञा (जे सिद्ध करायचं ते), हेतू (त्याचं कारण), उदाहरण, उपनय (उदाहरण विषयाला लावणं), निगमन (निष्कर्ष). नुसते पाठ करून घेत नाहीत, विषयाला लावून दाखवतात. ‘खाजनाचा (खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतजमिनीचा) बांध फुटलाय’ ही प्रतिज्ञा. ‘कारण शेतात खारं पाणी शिरलंय’ हा हेतू. लगेच प्रश्न येतो: मानशीचं (बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेचं) दार उघडं राहिलं तरी खारं पाणी शिरतंच ना? म्हणजे हेतू सव्यभिचार, एकाच निष्कर्षाला बांधलेला नाही. भलेभले वक्ते इथेच घसरतात. या एका तासात पैसे वसूल.

अ‍ॅरिस्टॉटलचे तीन आधार (वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांची भावना, युक्तिवाद) अर्ध्या तासात उरकले. चालेल. पण वाद (सत्य शोधण्यासाठी), जल्प (जिंकण्यासाठी), वितंडा हा फरक फळ्यावरच राहिला. स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा खोडत राहणं म्हणजे वितंडा. टीव्हीवर रोज दिसते, तरी तिचा सराव नाही! जोडीजोडीने पाच-पाच मिनिटांचं खंडन हवंच होतं.

टिपणांत ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टुल्मिनचा युक्तिवादाचा १९५८चा आराखडा आहे, मात्र ‘वॉरंट’ला ‘पुरावा’ म्हटलंय. साफ चूक. पुराव्यावरून दाव्यापर्यंत नेणारा नियम तो वॉरंट. तुकडी वीसच्या वर असेल तर थांबा, बोलायची पाळीच येत नाही.