पुण्याची भुयारी मेट्रो आणि आपला जालना रस्ता

मंडई ते शिवाजीनगर हा पुणे मेट्रोचा भुयारी प्रवास, ज्याचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला, मला वेग, स्वच्छता आणि थंडावा या तिन्ही बाबतींत उत्तम वाटला. पेठांच्या गल्ल्यांत रस्ता रुंद करणे अशक्य असल्याने तिथे भुयाराला पर्यायच नव्हता. मात्र फलाटापर्यंत सरकते जिने उतरताना आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या, जालना रस्त्यावरून जाणाऱ्या शेंद्रा-वाळूज मार्गाचा विचार मनात आला: तिथेही भुयारी मेट्रो हवी का? आपल्याकडे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या नहरींनी जमिनीखालून पाणी आणले हे खरे. पण प्रवासी बोगद्याला वायुवीजन, अग्निसुरक्षा आणि पंप अहोरात्र चालवावे लागतात, आणि दख्खनचा बेसॉल्ट फोडणे स्वस्त नसते. शेंद्रा आणि वाळूज ही मार्गाची दोन्ही टोके कारखान्यांची असून तिथली गर्दी पाळी सुटताना उसळते व मग ओसरते. अशा ठिकाणी रस्त्याच्या पातळीवरील, ट्रामसारखी हलकी रेल्वे मला अधिक योग्य वाटते. अट एकच, तिची मार्गिका पूर्णपणे स्वतंत्र हवी. नाहीतर ती क्रांती चौकात रिक्षांच्या मागे उभी राहील. पुण्याच्या सेवेला मी पाचपैकी चार तारे देतो.